विश्लेषण : तिखाडीच्या तेलाचा भाव नाक ठरवणार की आलेख?

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूर मागे पडले की घाट लागतो. वऱ्हाडचा सपाट पयानघाट इथे संपतो आणि वरचा बालाघाट सुरू होतो. अशा कोरड्या, खडकाळ उतारांवर पावसाळा सरताना एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पान किंवा तुरा चुरगळला, की हाताला गुलाबासारखा वास येतो. वऱ्हाडात त्याला तिखाडी म्हणतात. इतरत्र रोशा, रोशेल किंवा रोहिष गवत. त्याचे तेल जगाच्या बाजारात ‘पामारोझा’ नावाने विकले जाते. कापूस-सोयाबीनला जोड म्हणून सुगंधी गवताच्या लागवडीचा विषय अधूनमधून निघतो. पण तेल डब्यात आल्यावर त्याचा भाव कोण ठरवते? झाकण उघडून वास घेणारा व्यापारी, की प्रयोगशाळेतला कागद? आणि तो कागद हाती आलाच, तर त्यावर नेमके काय लिहिलेले असते? 

तिखाडी म्हणजे नेमके कोणते गवत?

तिखाडीचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनाय. आपल्या परसातला गवती चहा आणि डास पळवणाऱ्या तेलासाठी लावले जाणारे सिट्रोनेला ही त्याच कुळातली भावंडे. दिसायला सारखी असली तरी तिघांच्या तेलाचा वास वेगळा, कारण आतली रसायने वेगळी. गवती चहाच्या तेलात सिट्रॉल हा घटक मुख्य असतो, म्हणून त्याला लिंबासारखा वास येतो. सिट्रोनेलाच्या तेलात सिट्रोनेलॅल ठळक असते. तिखाडीच्या तेलात मात्र जिरॅनिऑल या एकाच घटकाचे राज्य असते.

‘मार्टिनाय’ हे नाव लखनऊच्या जनरल क्लॉड मार्टिन याच्यावरून आले. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत त्याने हे गवत पाहिले आणि त्याचे बी लखनऊला आणून लावले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी वनस्पतीची नोंद करताना त्याचे नाव तिला दिले. गुरे हे गवत आवडीने खातात आणि मग दुधा-लोण्यालाही त्याचा वास लागतो, हे निरीक्षणही त्याच नोंदीत आहे. डोंगराकाठी गुरे राखणाऱ्यांना हे सांगायला पुस्तक लागत नाही.

वऱ्हाड-खानदेशचे तेल ‘तुर्की’ कसे झाले?

एकोणिसाव्या शतकात या तेलाच्या भट्ट्या निमाड, खानदेश आणि वऱ्हाडच्या जंगलांत लागत. खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार हा परिसर त्यासाठी प्रसिद्ध होता. वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे नाव व्यापारात घेतले जाई. ओढ्याकाठी भट्टी, तिच्यावर लोखंडी भांडे, त्यात दाबून भरलेले गवत आणि थोडे पाणी, वर पिठाने लिंपलेले लाकडी झाकण. झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई. तिथे वाफ थंड होऊन पाणी आणि तेल वेगळे होई.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे त्याला ‘इद्रिस याघी’ म्हणत. उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवला जाई. त्यानंतर ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. काही ठिकाणी तर ऊर्ध्वपातनाआधी गुलाबाच्या पाकळ्यांवरच शिंपडले जाई. युरोपच्या बाजारात याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे नाव पडले. त्यात जिरॅनियम नव्हते आणि ते तुर्की तर मुळीच नव्हते.

गवत कापणाऱ्याला आणि भट्टी लावणाऱ्याला जी किंमत मिळाली ती गवताच्या तेलाची. तेच तेल पुढे गुलाबाच्या भावाने विकले गेले. ही तफावत शक्य झाली, कारण तेलात काय आहे हे भट्टीपाशी कोणाला मोजता येत नव्हते.

मग हे रहस्य कोणी उलगडले?

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या या ‘जिरॅनियम’ तेलाचे ऊर्ध्वपातन करून त्यातला मुख्य घटक वेगळा केला. कॅल्शियम क्लोराइडबरोबर त्याचे स्फटिक बनतात, या गुणाचा त्याला उपयोग झाला. या घटकाचे नाव जिरॅनिऑल. म्हणजे जगभरच्या साबण, अत्तर आणि प्रसाधनांच्या यादीत आज दिसणारे हे रसायन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आले ते आपल्याकडच्या गवताच्या तेलातून. त्याची रेणूरचना निश्चित व्हायला मात्र १९१९ साल उजाडले. ते काम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आल्बेर व्हर्ले याचे.

जिरॅनिऑलच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. खऱ्या गुलाबाच्या तेलातही हा घटक असतो. म्हणूनच तिखाडीचे तेल गुलाबात बेमालूम मिसळून जाई आणि नुसत्या नाकाला ते ओळखणे कठीण होई.

मोतिया आणि सोफिया हा भेद काय आहे?

तेलाच्या भावातला सर्वांत मोठा फरक इथे पडतो. जंगलात तिखाडीचे दोन प्रकार आढळतात. ‘मोतिया’ प्रकारापासून पामारोझा तेल मिळते. ‘सोफिया’ प्रकारापासून मिळणाऱ्या तेलाला व्यापारात ‘जिंजरग्रास’ म्हणतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आय. एच. बर्किल यांनी १९०९ मध्ये या दोन प्रकारांचा फरक सविस्तर मांडला.

मोतिया सहसा मोकळ्या, उन्हाच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारांवर विखुरलेल्या ठोंबांत उगवते. सोफिया ओलसर जागी दाटीने वाढते. मोतियाची पाने खोडाशी जवळजवळ काटकोन करून पसरतात, सोफियाची खोडाला धरून वर जातात. पण वाळलेल्या भाऱ्यात हा फरक सहज कळत नाही आणि कापणारा दोन्ही एकत्र कापतो.

तेल निघाले की फरक उघड होतो. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. सोफियात ते बरेच कमी असते. त्याऐवजी लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल यांसारखे घटक येतात आणि वासाला उग्र धार येते. अत्तर आणि साबणाच्या कारखान्याला हवे असते जिरॅनिऑल. समजा, एकाच्या १०० किलो तेलात ते ८० टक्के आहे आणि दुसऱ्याच्या १०० किलोत ५० टक्के. वजनकाट्यावर दोन्ही डबे सारखे, पण दुसऱ्यात कामाचा माल ३० किलोने कमी. खरेदीदार हे जाणतो. विकणाऱ्यालाही ते माहीत असायला हवे.

तेल कसे काढतात आणि कापणीची वेळ का महत्त्वाची?

जिरॅनिऑल शुद्ध स्वरूपात साधारण २३० अंश सेल्सियसला उकळते. पण पाण्याच्या वाफेसोबत ते १०० अंशांच्याही किंचित खाली निघून येते, कारण पाणी आणि तेल या दोघांच्या वाफेचा दाब एकत्र मिळून हवेच्या दाबाइतका होतो. म्हणूनच साध्या भट्टीवरही न करपता तेल मिळते. आज लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टीलची टाकी, बांबूऐवजी धातूची नळी आणि ओढ्याऐवजी पाण्याचे शीतक वापरतात. तत्त्व तेच आहे.

उतारा मात्र थोडा असतो. १०० किलो ताज्या गवतातून साधारण अर्धा किलोच्या आसपास तेल निघते. जास्त तेल फुलोऱ्यात, त्याखालोखाल पानांत आणि खोडात अगदी नगण्य. म्हणून बुडापासून कापून जाड खोडांनी टाकी भरली, तर सरपण जळते पण तेल वाढत नाही.

कापणीच्या वेळेने तेलाचे प्रमाण बदलते, तसे त्याचे घटकही बदलतात. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल अ‍ॅसिटेट या घटकाचे प्रमाण जास्त असते. फुलोरा पक्व होत जातो तसे वनस्पतीतील विकर त्याचे जिरॅनिऑलमध्ये रूपांतर करते. त्यामुळे एकाच शेतातले गवत दोन वेगळ्या आठवड्यांत कापले, तर दोन अहवाल वेगळे येऊ शकतात. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. बहुतेक ठिकाणी फुलोरा पूर्ण उमलल्यावर, बी पिकून झडण्याआधी कापणी करण्याचा सल्ला दिला जातो.

भट्टी अर्ध्यावर बंद केली तरी घटक बदलतात. हलके घटक आधी येतात, जड घटक नंतर. सरपण वाचवण्यासाठी घाई केली, तर मागे राहिलेले तेल चोथ्याबरोबर उकिरड्यावर जाते.

यंत्रे नव्हती तेव्हा तेल कसे तपासत?

काही जुन्या चाचण्या आजही उपयोगी आहेत आणि त्यांतल्या काही कमी साधनांत करता येतात.

● कागदाची चाचणी : टिपकागदावर तेलाचा थेंब टाकून ठेवावा. सुगंधी तेल उडून जाते आणि तेलकट डाग जवळपास राहत नाही. डाग कायम राहिला, तर शेंगदाणा किंवा जवस अशा खाद्यतेलाची भेसळ असू शकते.

● अल्कोहोलची चाचणी : शुद्ध पामारोझा तेलाचा एक भाग ७० टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन भागांत स्वच्छ विरघळतो. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल मिसळले असेल, तर द्रावण गढूळ होते किंवा थर वेगळा दिसतो.

● घनता आणि अपवर्तनांक : तेलाची सापेक्ष घनता सुमारे ०.८८ ते ०.८९ असते. प्रकाश तेलातून जाताना किती वाकतो, हे सांगणारा अपवर्तनांक साधारण १.४७ ते १.४८ दरम्यान असतो. आकडे या मर्यादेबाहेर गेले, की शंका घ्यावी.

● अ‍ॅसिटिलीकरण : तेलातल्या अल्कोहोल गटाच्या रसायनांची अ‍ॅसेटिक अनहायड्राइडशी क्रिया घडवायची आणि तयार झालेला पदार्थ अल्कलीने मोजायचा. यातून ‘एकूण अल्कोहोल, जिरॅनिऑलच्या हिशेबाने’ असा आकडा मिळतो. अनेक दशके या तेलाचा व्यापार याच आकड्यावर चालला.

या शेवटच्या चाचणीत एक उणीव आहे. ती सगळी अल्कोहोले एकत्र मोजते. त्यात जिरॅनिऑल किती आणि त्याचे सोंग घेतलेले दुसरे काही किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी घटक एकेक करून वेगळे करावे लागतात.

जीसी-एमएस हे यंत्र काय करते?

जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी आणि एमएस म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री. पहिले यंत्र घटक वेगळे करते, दुसरे त्यांची ओळख पटवते. वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीची पद्धत जेम्स आणि मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये मांडली. सुगंधी तेलांच्या अभ्यासाचे चित्रच तिने बदलून टाकले.

तपासणीसाठी तेल आधी कोरडे करतात, कारण त्यात पाण्याचा अंश नको. मग ते हेक्झेनसारख्या द्रावकात विरळ करून एका मायक्रोलीटरच्या आसपास, म्हणजे एका थेंबाचाही लहानसा अंश, यंत्रात सोडतात. तिथल्या उष्णतेने त्याची क्षणात वाफ होते. हेलियम वायू ही वाफ एका केसासारख्या बारीक नळीतून पुढे ढकलतो. ही नळी साधारण ३० मीटर लांब असते, वेटोळी करून ओव्हनमध्ये ठेवलेली. तिची आतली पोकळी फक्त पाव मिलिमीटर रुंद असते आणि आतून तिला एका पदार्थाचा पातळ लेप असतो.

पातूरच्या घाटात एकाच वेळी सोडलेल्या गाड्यांसारखा हा प्रकार आहे. मोकळी दुचाकी पुढे निघून जाते, भरलेला ट्रक मागे राहतो. तेलातले चटकन उडणारे आणि लेपाला न चिकटणारे घटक आधी बाहेर पडतात, चिकटणारे उशिरा. ओव्हनचे तापमान हळूहळू वाढवत नेतात आणि तासाभरात सगळे घटक एकेक करून दुसऱ्या टोकाला पोहोचतात. प्रत्येक घटकाचा आलेखावर एक सुळका उमटतो.

आता ओळख पटवायची. बाहेर पडणाऱ्या रेणूंवर एमएस यंत्रात इलेक्ट्रॉनचा मारा होतो आणि त्यांचे तुकडे होतात. कोणत्या वजनाचे तुकडे किती प्रमाणात पडले, हा त्या रेणूच्या बोटांचा ठसाच. जिरॅनिऑलच्या रेणूचे वजन १५४; त्याचा सर्वांत ठळक तुकडा ६९ वजनाचा असतो. संगणक हा ठसा आपल्याजवळच्या लाखो ठशांच्या संग्रहाशी ताडून नाव सुचवतो.

संगणकाने सुचवलेले नाव अंतिम का मानू नये?

कारण काही रेणू जुळ्या भावांसारखे असतात. नेरॉल आणि जिरॅनिऑल यांचे अणू सारखे, वजन सारखे आणि तुकडेही जवळपास सारखे. फरक फक्त रेणूच्या एका वळणाचा. अशा वेळी नळीतून बाहेर पडायला लागलेला वेळ कामी येतो. तो यंत्रागणिक बदलू नये म्हणून त्याचे ‘धारण निर्देशांक’ या आकड्यात रूपांतर करतात. नेहमीच्या वापरातल्या नळीवर नेरॉलचा निर्देशांक १२३० च्या आसपास आणि जिरॅनिऑलचा १२५० च्या आसपास येतो. ठसा आणि निर्देशांक दोन्ही जुळले, तरच नाव पक्के समजावे. ज्या अहवालात फक्त संगणकाने सुचवलेली नावे आहेत आणि निर्देशांकाचा रकानाच नाही, तो अपुरा आहे.

पामारोझाचा अहवाल कसा वाचायचा?

चांगल्या मोतिया तेलाच्या अहवालात साधारणपणे पुढील चित्र दिसते :

● जिरॅनिऑल : ७५ ते ८५ टक्के. भाव ठरवणारा मुख्य आकडा.

● जिरॅनिल अ‍ॅसिटेट : ५ ते १५ टक्के. जास्त असेल तर कापणी कोवळी झाली असण्याची शक्यता.

● लिनालूल : २ ते ४ टक्के.

● कॅरिओफायलिन, ऑसिमिन : प्रत्येकी एक-दोन टक्क्यांच्या आसपास.

● फार्नेसॉल आणि इतर : अल्प प्रमाणात.

लिमोनिन आणि पेरिलिल अल्कोहोल ठळक दिसले, तर गवतात सोफिया मिसळली आहे असे समजावे. या तेलासाठी आयएसओ ४७२७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. निर्यातदार बहुधा त्याचाच हवाला देतो.

अहवालाच्या तळाशी बेरीज १०० टक्के दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. बहुतेक अहवालांत टक्केवारी आलेखातल्या सुळक्यांच्या क्षेत्रफळावरून काढलेली असते. जे घटक यंत्राला दिसले, त्यांची आपसातली ही वाटणी. जे उडालेच नाही, उदाहरणार्थ खाद्यतेल, ते या बेरजेत येतच नाही. म्हणजे तेलात दहा टक्के शेंगतेल घातले तरी आलेखात जिरॅनिऑल ८० टक्के दिसू शकते. म्हणून आलेखासोबत घनता, अपवर्तनांक आणि अल्कोहोलची चाचणी मागितली पाहिजे. कागदावरचा थेंब जे दाखवतो, ते कधीकधी लाखोंच्या यंत्राच्या नजरेतून सुटते.

आजची भेसळ कशी पकडतात?

रॉकेल-टर्पेंटाइनची भेसळ यंत्र सहज पकडते. खरी डोकेदुखी आहे कारखान्यात बनवलेल्या जिरॅनिऑलची. ते स्वस्तातल्या तेलात घालून टक्केवारी हवी तितकी वाढवता येते.

लिनालूलसारख्या घटकांचे डावा आणि उजवा असे दोन आरसारूपी प्रकार असतात. त्यांच्या प्रमाणावरून नैसर्गिक आणि कृत्रिम माल ओळखता येतो. जिरॅनिऑलला असे डावे-उजवे नसते, त्यामुळे ही युक्ती त्याच्यावर चालत नाही. मग तपासनीस बारीकसारीक घटकांकडे वळतो. कृत्रिम जिरॅनिऑलबरोबर नेरॉल, सिट्रोनेलॉल यांचे अंश येतात. हे प्रमाण नेहमीपेक्षा वाढलेले आणि कॅरिओफायलिनसारखे वनस्पतीचे सोबती घटक कमी झालेले दिसले, की संशय बळावतो. पेट्रोलियमपासून बनवलेल्या मालात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, ताज्या वनस्पतीत तो असतो. त्यामुळे महागडी कार्बन चाचणीही करता येते.

म्हणूनच फारच ‘चांगला’ आकडा कधीकधी उलटतो. ९५ टक्के जिरॅनिऑल दाखवणारा अहवाल पाहून जाणता खरेदीदार खूश होत नाही, भुवया उंचावतो.

हे तेल औषध म्हणून वापरता येते का?

आयुर्वेदात रोहिष गवताचा उल्लेख येतो आणि ग्रामीण भागात सांधेदुखीवर हे तेल चोळण्याची पद्धत आहे. प्रयोगशाळेत जिरॅनिऑलने काही जिवाणू-बुरशी रोखल्याची आणि ते डासांना दूर ठेवत असल्याची निरीक्षणे आहेत. पण बशीतल्या जिवाणूवर दिसलेला परिणाम आणि माणसाचा आजार बरा होणे यांत मोठे अंतर आहे. जीसी-एमएसचा अहवाल तेलात काय आहे ते सांगतो. ते कोणत्या आजारावर चालते हे सांगत नाही. ‘प्रयोगशाळेत तपासलेले, म्हणून गुणकारी’ अशी जाहिरात दिसली, तर या दोन गोष्टी जाणूनबुजून एकत्र केल्या आहेत असे समजावे.

शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात विरळ करावे. जिरॅनिऑलची काहींना अ‍ॅलर्जी असते. युरोपीय संघात प्रसाधनांमध्ये ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास वेष्टनावर नाव छापणे बंधनकारक आहे. पोटात घेणे, लहान मुलांना लावणे, गरोदरपणात वापरणे हे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय टाळावे.

जंगलातली तिखाडी कापता येईल का?

जागा कोणती, यावर ते अवलंबून आहे. पातूरच्या जवळच काटेपूर्णा अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही. इतर वनजमिनीवर वन विभागाचे नियम लागू होतात. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या गावांचे हक्क मान्य झाले आहेत, त्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार आहे. औषधी वनस्पती त्या व्याख्येत येतात. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांच्या दृष्टीने तेलाची तपासणी अधिकच मोलाची. भारा विकला तर गवताचा भाव मिळतो, तपासलेले तेल विकले तर जिरॅनिऑलचा.

दरवर्षी बी पडण्याआधीच सगळे गवत कापले, तर काही वर्षांत ठोंब विरळ होतात. उतारावरचा काही पट्टा बियांसाठी राखून ठेवणे, हे त्या गावाच्याच फायद्याचे.

लागवड करायची तर आधी काय पाहावे?

तिखाडी बहुवर्षायू आहे. एकदा लावली की काही वर्षे कापणी मिळते. त्यामुळे चुकीचे बी लावले, तर चूकही काही वर्षे सोबत राहते. लखनऊच्या ‘सीमॅप’ या केंद्रीय संस्थेने मोतिया प्रकारातून तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे वाण दिले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. रोप डोळ्यांनी पाहून, माहिती घेऊन मगच निर्णय घ्यावा.

पैसे गुंतवण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात :

● बी किंवा ठोंब कोणत्या वाणाचे, याची लेखी पावती घ्यावी.

● जवळपास ऊर्ध्वपातनाची टाकी आहे का, हे आधी बघावे. ओले गवत दूर नेणे परवडत नाही. एकट्याने टाकी घेण्यापेक्षा गटाने घेणे सोयीचे.

● ‘तेल आम्हीच विकत घेऊ’ असे सांगून बी विकणाऱ्याकडून भाव आणि जिरॅनिऑलची किमान टक्केवारी लेखी घ्यावी.

● पहिल्या हंगामात लहान तुकड्यावर लावून त्याच तेलाचा नमुना तपासून घ्यावा.

नमुना कुठे आणि कसा पाठवावा?

सुगंधी तेलांच्या तपासणीसाठी लखनऊचे सीमॅप आणि कन्नौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र या जाणकार संस्था आहेत. मुंबई आयआयटीतील ‘सैफ’ या सुविधेतही जीसी-एमएस तपासणी होते. शुल्क, नमुन्याचे प्रमाण आणि लागणारा वेळ आधी विचारून घ्यावा.

तेल पाण्यापासून नीट वेगळे करून गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे. मोकळी हवा राहिली की तेल बिघडते. प्लॅस्टिकची बाटली टाळावी. बाटलीवर गाव, कापणीची तारीख, गवताचा प्रकार आणि ऊर्ध्वपातनाला लागलेले तास लिहावेत. एकाच वेळी काढलेल्या तेलाच्या तीन सीलबंद बाटल्या कराव्यात : एक प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला, एक स्वतःजवळ. नंतर वाद झाला, तर ही तिसरी बाटली कामाला येते.

व्यापाऱ्याचे नाक निरुपयोगी नाही. करपट वास, ओलाव्याचा वास, जुनाट तेल हे जाणता माणूस यंत्राआधी ओळखतो. पण त्याच्या नाकाचा निकाल लिहून ठेवता येत नाही आणि त्यावर दाद मागता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ओढ्याकाठच्या भट्टीवाल्याजवळ दुसरा आधार नव्हता. आज तो एका चमचाभर तेलाच्या नमुन्यावर मिळतो. भाव सांगण्याआधी खरेदीदाराने अहवाल मागितला तर तो दाखवावा आणि त्याने मागितला नाही, तर आपणच पुढे करावा.